दोन जीबीत मावलेली खाडी

मावशी दुकानात शिरली ती बगलेत फ्लेक्सचा एक तुकडा धरून. काउंटरवर तिनं तो पसरला तसा सुक्या बोंबलाचा वास खोलीभर झाला आणि फॉर्म भरायला बसलेले दोघं जण खुर्चीसकट मागे सरकले.

"ही बग आमची बोट," तिनं बोट ठेवून दाखवलं.

मी वाकून बघितलं. तिथं उन्हानं उडालेला एक पांढुरका डाग होता. तिच्या म्हणण्याप्रमाणे तो नाळेचा भाग, म्हणजे बोटीचं तोंड. गेले कित्येक महिने हा तुकडा तिच्या खुराड्यावर कोंबड्यांना ऊन लागू नये म्हणून टाकलेला होता.

धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यातल्या ह्या मावशीला मी तोंडओळखीनं ओळखत होतो. तिची गोष्ट मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. वादळात बोटीचा दोर तुटला, बोट वाहत गेली आणि गुजरातेतल्या एका बंदराजवळ खडकांत सापडली. तिथल्या लोकांनी ती किनाऱ्याला ओढून बांधली. खबर मिळताच नवरा धावला. बोट त्याचीच होती, तिचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा नायकही तोच, पण नाळेवरचा नंबर खडकावर घासून पार निघून गेला होता. त्याच्याजवळच्या कागदावर नंबर होता, बोटीवर नव्हता. तिथल्या साहेबानं सरळ विचारलं की ह्या कागदातली बोट ती हीच कशावरून. नवरा म्हणाला, डाव्या बाजूला तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलाय बघा, मीच ठोकलाय. साहेब म्हणाला, पत्रा दिसतोय, पण पत्रा आणि नंबर दोन्ही एका फोटोत दाखव. "नंबर चोख्खो देखावो जोईए." म्हणजे नंबर स्वच्छ दिसला पाहिजे.

"दुसरा फोटो नाही का?" मी विचारलं.

"होता पोरीच्या फोनात. फोन गेला खाडीत. तू काढलेला हाय तेवडाच."

नवरा सहा दिवस बोट सोडून हलला नव्हता. तिच्यातच झोपत होता, कारण हललो तर बोट गेली असं त्यानं डोक्यात घेतलं होतं. मासेमारीची बंदी लागायला आठ दिवस राहिले होते. त्यानंतर बोट समुद्रातून आणता येणार नाही, आणि आख्खा पावसाळा परक्या किनाऱ्यावर उघडी पडलेली लाकडी बोट म्हणजे शेवटी सरपण. मावशीनं हे रडत सांगितलं नाही. उलट मला दम दिल्यासारखं सांगितलं. "फोटो तू काढला, तर तूच दे."

तिचं बरोबर होतं, आणि तीच माझी पंचाईत होती.

तो फोटो मी नारळी पौर्णिमेला काढला होता. तिच्या गावातल्या मंडळींना सगळ्या बोटी एकत्र दिसतील असा लांबलचक फ्लेक्स हवा होता. मी बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर चढलो आणि खाडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीसेक फोटो काढले. फ्लेक्सवाल्यानं त्याच्या दणकट कॉम्प्युटरवर ते एकमेकांना जोडून एकच अजस्र फोटो केला आणि मला पेनड्राइव्हवर दिला. घरी येऊन मी सुटे चाळीस फोटो पुसून टाकले, कारण डिस्क भरली होती आणि मला वाटलं, जोडलेला आहे की. हा शहाणपणा कुणाला सांगू नये असाच आहे. कारण जोडलेला फोटो माझ्या कॉम्प्युटरवर आजवर एकदाही उघडला नव्हता. उघडायला गेलं की आधी बाण गोल फिरायचा, मग पडदा पांढरा व्हायचा, मग मी प्लग काढायचो.

मी फ्लेक्सवाल्याला फोन लावला. त्याचा ऑपरेटर लग्नाला गावी गेला होता आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड त्याच्याबरोबर गावी गेला होता. यायला दहा दिवस.

आता माझ्या कॉम्प्युटरबद्दल सांगायला हवं. त्याला सगळे डबा म्हणतात. मी म्हटलेलं चालतं, दुसऱ्या कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मेमरी दोन जीबी. तलासरीच्या नाक्यावर मी दुकान घातलं तेव्हा तो जुना घेतला होता आणि तेव्हापासून त्याच्यावर पाड्यापाड्यांतल्या लोकांचे फॉर्म भरतोय. पूर्वी निभायचं. मग लोकांच्या हातात नवे फोन आले. हल्लीच्या फोनमधला साधा चेहऱ्याचा फोटोसुद्धा एवढा मोठा असतो की त्यात माणसाच्या भुवईचे केस मोजावेत. आणि फॉर्मला हवा असतो वीस केबीच्या आतला, टिकलीएवढा. म्हणजे काम काय, तर हत्तीचा उंदीर करायचा. त्यासाठी आधी हत्ती डब्यात शिरायला हवा, आणि तिथंच डबा बसायचा. लोक तीन-तीन जीपा बदलून आलेले असायचे. सकाळी येऊन दुपार झाली तरी एक फोटो छोटा झालेला नसायचा. बाया पायरीवर बसून राहायच्या. त्यांच्या त्या बसण्याचंच मला जास्त लागायचं.

"नवीन घे ना," असं मला ज्यानं त्यानं सांगितलं. आता मी हट्टी माणूस आहे. एवढासा फोटो करायला एवढं मोठं यंत्र का लागावं, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. कॉलेजात अर्धवट सोडलेली सी भाषा मी पुन्हा उकरली. दुपारी दोन ते चार नाक्यावर चिटपाखरू नसतं. त्या वेळात शटर अर्धं ओढून मी प्रोग्रॅम लिहीत बसू लागलो. शेजारचा वडापाववाला विचारायचा, काय करतोस? मी म्हणायचो, फोटो छोटा करतोय. तो म्हणायचा, अजून तोच?

खरी गाठ सुटली ती मात्र घरी, चिखल्याला. आमच्या वाडीत चिकू उतरले की बाया प्रतवारीला बसतात. मोठा, मधला, बारका, फुटका. एका दुपारी मी ओट्यावर बसून बायकोला माझं रडगाणं ऐकवत होतो की आख्खा फोटो एकदम मेमरीत घ्यावा लागतो आणि तिथंच सगळं अडतं. ती चिकू निवडता निवडता म्हणाली, "आख्खा कशाला घेता? आम्ही काय सगळी वाडी अंगणात ओतून बसतो का? एक टोपलं घ्यायचं, निवडायचं, सरकवायचं, दुसरं घ्यायचं."

मी ताडकन उठून उभा राहिलो. ती म्हणाली, "काय झालं? चुकलं का काही?"

काही चुकलं नव्हतं. फोटो म्हणजे तरी काय, रंगीत ठिपक्यांच्या ओळी. वरून सोळा ओळी घ्यायच्या, त्यांतले शेजारशेजारचे ठिपके एकत्र करून त्यांचा एक ठिपका करायचा, तो फाइलीत लिहून टाकायचा आणि त्या सोळा ओळी विसरून जायच्या. मग पुढच्या सोळा. आख्खा फोटो कधीच कुणी बघायचा नाही, कॉम्प्युटरनंसुद्धा नाही. एवढी साधी गोष्ट. मी बायकोला म्हटलं, तू इंजिनिअर आहेस. ती म्हणाली, मग टोपलं उचला.

साधी म्हणजे कळायला साधी. पहिल्यांदा जे फोटो निघाले त्यांत माणसं तिरकी झाली, जणू वाऱ्यात झुकलीत. प्रत्येक ओळ कुठं संपते त्याचा माझा हिशेब दोन ठिपक्यांनी चुकत होता. ते सुधारलं तर सगळे निळे झाले, कारण लाल आणि निळा रंग मी अदलाबदल करून वाचत होतो. रानशेतकडच्या एका म्हाताऱ्या बाबांना मी त्यांचाच निळाशार चेहरा पडद्यावर दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मी मेलो काय रं?" दुकानातले सगळे हसले, बाबाही हसले. मीही हसलो खरा, पण आतून जळत होतो.

आणि मग एका दुपारी ते चाललं. एका पोरीचा भला मोठा फोटो मी आत टाकला आणि चहाचा घोट घेईपर्यंत तो बाहेर आला. सरळ, गोरागोमटा, अठरा केबी. मी मेमरीचा आकडा बघितला. अकरा एमबी. दोन जीबीच्या डब्यातली फक्त अकरा एमबी! डब्याला कळलंसुद्धा नाही. मी एवढ्या मोठ्यांदा ओरडलो की वडापाववाला झारा घेऊन धावत आला. त्याला वाटलं, शॉक लागला. त्याला मी तो आकडा दाखवला. त्याला काही कळलं नाही, तरी त्यानं मला एक वडा दिला.

त्या दिवसापासून पायरीवर कुणी बसून राहिलं नाही. लोक यायचे, फोटो द्यायचे, आलेल्या जीपनंच परत जायचे. नाक्यावरची नवी कॉम्प्युटरवाली दुकानंसुद्धा अवघड फोटो माझ्याकडे पाठवायला लागली, आणि मी ते मुद्दाम त्यांच्या माणसासमोर, त्याच्याशी गप्पा मारत मारत करून द्यायचो. माज होता. कमावलेला होता, म्हणून मी तो लपवला नाही.

पण खाडीचा फोटो म्हणजे कुणाचा चेहरा नव्हता. चाळीस फोटोंचा एक. मावशी समोर बसली होती आणि मी पेनड्राइव्ह लावला. तिला म्हटलं, "मावशी, आत्ता काढतो." प्रोग्रॅम चालू केला. एका क्षणात तो मेला. हँगसुद्धा झाला नाही, नुसता मेला.

माझं डोकं तापलं. फॉर्म भरायला आलेल्या दोघांना मी उगाचच ओरडून उद्या या म्हणून सांगितलं. ते बिचारे गेले. मावशी जागची हलली नाही. ती म्हणाली, "माझ्यावर पण वरड, पण काम कर."

मग डोकं थोडं थंड झाल्यावर चूक सापडली. प्रोग्रॅम लिहिताना मी एका ओळीसाठी जागा ठरवून ठेवली होती, दहा हजार ठिपक्यांची. त्याहून रुंद फोटो कुणाचा फोन काढणार, असं मीच म्हटलं होतं. खाडीच्या फोटोची ओळ चाळीस हजारांची होती. म्हणजे टोपलं लहान होतं. फोटो किती रुंद आहे ते आधी विचारायचं आणि त्या मापाचं टोपलं घ्यायचं, एवढाच बदल. पंधरा मिनिटं लागली. मी पुन्हा चालू केलं.

पडद्यावर टक्के सरकू लागले. पाच. नऊ. डबा घरघरत होता, पण श्वास लागलेला नव्हता. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. शंभर झाले आणि अख्खी खाडी पडद्यावर आली. सगळ्या बोटी, पताका, झेंडे, काठावरची माणसं. जो फोटो मी स्वतः काढला होता तो मी पहिल्यांदा बघत होतो.

"ती," मावशी म्हणाली. "निळी. ती बग ती!"

निळी बोट नखाएवढी होती. नंबर सोडा, नाळ कुठली तेही कळत नव्हतं. आणि मग मला माझं हसू आलं. दीड वर्ष मी मोठ्याचं लहान करायला घालवलं, आणि खऱ्या गरजेच्या वेळी मला लहान करायचंच नव्हतं. मला त्या अजस्र फोटोतला तेवढाच चौकोन, होता त्या मापात, कापून हवा होता. पण ओळीओळीनं वाचणाऱ्याला ते काय जड? वरच्या ओळी वाचून सोडून द्यायच्या, बोट आली की तेवढे ठिपके ठेवायचे, बोट संपली की थांबायचं. मी चार ओळी लिहिल्या आणि निळी बोट पडदाभर आली. डाव्या बाजूचा पत्रा लखलखीत दिसत होता. त्यावरचे खिळेसुद्धा मोजता येत होते.

आणि नंबरावर झेंडूचा हार होता.

नारळी पौर्णिमेला बोटीच्या नाळेला हार घालतात, त्यात काही नवल नाही. सगळ्याच बोटींना होता. पण इतरांचे हार दोरीएवढे, आणि मावशीचा हार मांडीएवढा. तिनं तो पहाटेपासून बसून स्वतः ओवला होता. गावात आपल्या बोटीचा हार सगळ्यांत मोठा असावा म्हणून. नंबर तिच्याच हातानं झाकला गेला होता.

"माझ्या हाताला आग लागो," ती म्हणाली, आणि तेव्हा मात्र तिचा आवाज फाटला.

मला तिच्याकडे बघवेना म्हणून मी पडद्याकडे बघत राहिलो. आणि बघता बघता लक्षात आलं की झेंडूच्या फुलांमध्ये फटी असतात. छोट्या फोटोत केशरी आणि पांढरं एकत्र मिसळून एक चिखल होतो, पण इथं काहीच मिसळलेलं नव्हतं. प्रत्येक फूल वेगळं होतं आणि दोन फुलांमधून निळ्या फळीवरच्या पांढऱ्या नंबराचे तुकडे डोकावत होते. इथं एक उभा दांडा. तिथं एक गोलाईचा काठ.

मी तिला म्हटलं, "मावशी, नंबर तोंडातून काढू नका. कागद दाखवू नका." कारण मला माहीत असता तर मला तो दिसलाच असता, आणि तिकडचा साहेब काही माझ्या भरवशावर बोट सोडणार नव्हता. मी कोरा कागद घेतला. एकेका अक्षराभोवतीचा चौकोन कापला, एकेक फट बघितली, शंका आली की पुढं गेलो, पुन्हा मागं आलो. एका आकड्याला मी तीन की आठ ह्यावर अडलो. तेवढाच तुकडा पुन्हा कापला. डावीकडची फट निळी होती. तीनच. सगळे आकडे लिहून झाल्यावर कागद तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, आता तुमचा काढा.

तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि एकेका आकड्यावर दोन्ही हातांची बोटं ठेवत पुढं सरकत गेली, ह्यावर एक, त्यावर एक. शेवटच्या आकड्यावर पोचली आणि तिनं काउंटरवर अशी थाप मारली की स्टेपलर खाली पडला.

"तोच हाय!"

हो, तोच होता. मी उठून तिला वाकून नमस्कारच केला. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढचं काम म्हणजे माझा रोजचा धंदा. तिकडे पाठवायचा फोटो दोनशे केबींच्या आत हवा होता. एकात आख्खी बोट आणि पत्रा, आणि त्याच फोटोतून कापलेला नाळेचा भाग, त्यावर प्रत्येक आकड्याभोवती लाल रेघ. दोन्ही मिळून एकशे नव्वद. तिथल्या साहेबाच्या फोनवर पाठवून दिले. मावशी गेली नाही. पायरीवर बसली, अगदी माझ्या जुन्या गिऱ्हाइकांसारखी, आणि ह्या वेळी मला तिचं बसणं लागलं नाही. मी तिच्यासाठी चहा सांगितला. त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या जीपनं पुन्हा हजर. दुपारी तिनं शेजाऱ्याकडून मागून आणलेला, मुठीत घट्ट धरलेला फोन वाजला. तिनं तो लाउडवर टाकला.

"सोडली," तिकडून नवऱ्याचा आवाज आला. "पत्रा मोजला, खिळे पण मोजले सायबानं. उद्या भरतीला निघतो. भात टाकून ठेव."

मावशीनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तू पण ये जेवायला." आणि उभ्या उभ्या निघून गेली, जीप सुटेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. बोर्डावर खडूनं लिहिलं, आज फोटो होणार नाहीत. धाकट्या डहाणूला पोचलो तर काठावर निम्मं गाव जमलेलं. भरती चढत होती. निळी बोट खाडीच्या तोंडाशी दिसली, पुढं एक दुसरी बोट तिला ओढत होती. मावशी साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात शिरली ती कमरेइतक्या पाण्यात जाऊन थांबली. बोट जवळ येताच तिनं फळ्यांवर हात फिरवला. मग वर चढून नवऱ्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. गावानं शिट्ट्या मारल्या.

तिचा नवरा किरकोळ, काळासावळा, डोळे आत गेलेला माणूस. इतके दिवस हलत्या बोटीत राहून त्याला जमिनीवर नीट चालता येत नव्हतं. तो थेट माझ्याकडे आला आणि माझे दोन्ही हात धरून मला जेवायला घेऊन गेला. मावशीच्या घरी पानं मांडली, भाताची वाफ निघत होती, तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

"तितं मी आठ दिवस बसून व्हतो भाऊ. येणारा-जाणारा इचारायचा, ही तुजी कशावरनं. पोरं हसायची. एकानं चोर पण म्हटलं. मी काय सांगणार? काल तुजा फोटो आला. सायेब खाली आला, पत्र्यावर हात ठेवला, फोनात बगितलं, परत पत्रा बगितला. आन् मला म्हणाला, चला तांडेल, बोट घेऊन जा."

त्यानं घास उचलला आणि तसाच हातात धरला.

"आठ दिवसांत पयल्यांदा मला कुणीतरी तांडेल म्हणालं," तो म्हणाला, आणि जेवायला लागला. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.